परसातलं तळं हिरवं का, हे विचारायला मांडूला

जुन्या सायकलच्या चाकावर चालणारा रहाट, पत्र्याची सौरचूल, सासूबाईंसाठी घडीचा देव्हारा आणि परसातलं पोहायचं तळं. बावीस फूट बाय बारा, खोली साडेचार. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं, कुठे शिकायला न जाता.

तळ्यात क्लोरीन नाही. एका बाजूला खडीच्या वाफ्यात कर्दळ, वेखंड, पाणकणीस. कुलरचा पंप पाणी त्यांच्या मुळांतून फिरवतो. पाण्यातली घाण हे त्यांचं खाणं. गच्चीवरच्या पावसानं एकदा भरलं की पुढे आटेल तेवढंच घालायचं. तरी शेजारी टोमणा मारायचेच, "भिया, पीने को टैंकर, और तैरने को आँगन?" पाणीटंचाईच्या देवासात राहणाऱ्याला हा टोमणा समजावून सांगावा लागत नाही.

तळं केलं सुमनसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं, आणि क्लोरीनच्या पाण्यानं तिच्या अंगावर पुरळ उठायचं. पण आमचं पाणी नितळेचना. हिरवं ते हिरवंच. ती त्यात पाऊलही बुडवायला तयार नव्हती. दिवाळीपर्यंत तळ दिसला नाही तर माती टाकून बुजवा, असं तिनं सांगून टाकलं.

मांडूला शेकडो वर्षांपूर्वी पावसाचं पाणी गाळून साठवत, एवढं ऐकून होतो. एका सोमवारी पहाटे सुमनला घेऊन मारुती काढली. इंदूरपर्यंत रस्ता ठीक, पुढे खड्डे मोजू नयेत. धारला पोहे-जिलेबी, दोघांचे अठरा रुपये. नालछा मागे पडलं की वळणं सुरू होतात; हॉर्न देत जा.

वर रूपमती मंडपात ती पाणी गाळायची नाली सापडली. सरळ नाही, नागमोडी. प्रत्येक वळणावर पाण्याचा वेग मोडतो, गाळ बसतो. पुढे वाळू-कोळसा असे, असं गाईड म्हणाला. मी टेपनं रुंदी मोजायला लागलो तर त्यानं दबकत विचारलं, "साब, सरकारी हो क्या?" मला मात्र पटलं की गाळायची माझी सोय कमी नाही. मग चुकतंय कुठे?

खाली रेवाकुंडाच्या, म्हणजे नर्मदेचं पाणी मानतात त्या कुंडाच्या, पायऱ्यांवर टेकलो. सुमननं पर्समधून पिशवी काढली. आत फुलं, बेलाची पानं, आणि बाटलीत अभिषेकाचं दूधपाणी.

"हे घरून आणलंस?"

"निघायची घाई झाली. नाहीतर तळ्यातच सोडते की रोज."

"रोज?"

"तुम्हीच म्हणता ना, आपलं पाणी जिवंत आहे, नर्मदेसारखं? मग निर्माल्य काय कचऱ्यात टाकू?"

रोजची फुलं, सोमवारचं पंचामृत. दूध, दही, मध, साखर! झाडांच्या मुळांना एवढं पचणार कसं? उरलेल्यावर शेवाळ पोसत होतं. पण रागावणार कोणावर? माझ्या तळ्याला इतका मान दुसऱ्या कोणी दिला नव्हता. मी म्हणालो, "जिवंत आहे म्हणूनच त्याला उपास हवा."

"सोमवारी?"

"सगळेच वार."

तिनं थोडा विचार केला, पिशवीला गाठ मारली. म्हणाली, "मग हे जास्वंदीच्या मुळाशी घालीन. तीही जिवंतच आहे."

जेवायला दाल-पानिये खा. पळसाच्या पानात भाजलेले मक्याचे पानगे, वर तूप. आणि तळं करणार असाल तर खत घालू नका, मासे पाळून खाऊ घालू नका, आणि घरात पूजा कोण करतं हे आधी विचारा.

घरी येऊन तळचा गाळ उपसला. दिवाळीच्या आधी खडीचा दाणा न् दाणा दिसू लागला. सुमन माझा हात धरून उतरली, मग हात सोडला. गुडघे बरे झाले असं मी लिहिणार नाही. पण आमच्या गावातल्या देवीच्या टेकडीच्या पायऱ्या ती आता थांबत थांबत का होईना, चढते.

परवा इंदूरचा एक बिल्डर आला. तळ्यासकट घर हवं होतं त्याला. सुमन पाण्यात होती, तिनं तिथूनच मान हलवली. मी नाही म्हणून सांगितलं. साडेअकरा लाख देत होता, रोख.