विरीचं चिलखत

माणसाच्या हाकेला ओ द्यायला तात्यांना वेळ लागे. पण त्यांच्या सुपारीच्या वाडीत विरी पडली की ते भरल्या ताटावरून उठत. विरी म्हणजे पोफळीच्या, सुपारीच्या झाडाच्या, झावळीचा, खोडाला वेढून बसलेला चामड्यासारखा भाग. झावळी पिकली की तो आपणहून सुटतो, सर्रकन घसरतो आणि धप्प करून खाली येतो. आमच्या दिवेआगरात कुणी त्याचे द्रोण करतं, कुणी पंखे. पोरं त्यावर बसून एकमेकांना ओढतात. तात्या त्याचं चिलखत करत.

याला कारण मी. देवीच्या उत्सवात आमच्या आळीचं ऐतिहासिक नाटक असतं आणि त्यातला सरदार मी असतो. अभिनय बेताचाच, पण आवाज दणदणीत आणि मिशा स्वतःच्या, त्यामुळे भूमिका चालत आली. पूर्वी मी पत्र्याचं चिलखत घालत असे. एका उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे तात्या कुंपणाशी येऊन म्हणाले, "दिनू, काल तू डायलॉग मारत व्हतास की भांडी घासत व्हतास?" मी काही बोलायच्या आत त्यांनी सुंभाने माझ्या छातीचं माप घेतलंसुद्धा.

विरी हौदात भिजवायची, पाट्याखाली दाबून सपाट करायची, बोटभर लांबीच्या पट्ट्या कापायच्या, दाभणाने भोकं पाडायची, वार्निश द्यायचं आणि कोळीवाड्यातून आणलेल्या जाळ्याच्या दोरीने पट्टीला पट्टी विणत जायचं. "पट्टी शेजारणीवर अर्धी चढली पायजे," तात्या सांगत, "लग्नाच्या टेम्पोत बायका बसतात तशी. मग खड्डा येऊ दे, कोण पडत न्हाय." पहिल्या वर्षी त्यांनी ते इतकं आवळलं की मी सिंहासनावर बसताच चिलखत वर सरकून हनुवटीत रुतलं आणि माझं अर्धं भाषण नाकातून झालं. तात्यांनी सगळं उसवून परत विणलं. "चूक माझीच. सरदार उभाच ऱ्हाईल असं धरून चाललो."

पुढे दर वर्षी माझ्या पोटाच्या मानाने त्यात एकेक उभी ओळ वाढत गेली. "तुझं पोट नि माझी वाडी, दोन्ही देवीच्या कृपेनं वाढतायत," असं ते चारचौघांत म्हणत. मी होमस्टे चालवतो; माझे पाहुणे हसत आणि मला राग येत असे. पण चिलखत अंगावर चढवलं की राग टिकत नसे. इतकं हलकं, इतकं अंगाबरोबर बसणारं काही मला कुठल्या शिंप्याने शिवून दिलेलं नाही.

एकाच बाबतीत तात्या हट्टी होते. झाडावरची विरी ते कधी ओढून काढत नसत, कुणाला काढूही देत नसत. खाली पडलेली उचलायची, बोटाच्या पेराने टकटक करायची, वास घ्यायचा आणि मगच घरात न्यायची.

मग ते चक्रीवादळ आलं. दुपारपर्यंत तात्यांच्या घराची कौलं गेली आणि वाडी आडवी झाली. माळ्यावरचं चिलखत भिजून फुगलं, पुढे त्याला बुरशी धरली. चार दिवसांनी आम्ही दोघं त्या पडलेल्या पोफळींत उभे होतो. धीर द्यायचा म्हणून मी म्हणालो, "तात्या, निदान विरीला तोटा नाही. जन्मभर पुरेल एवढी पडलीय."

"ही झाडानं टाकलेली न्हाय," तात्या म्हणाले. "मेलेल्याच्या अंगावरची हाय."

शेवंतीकाकी, म्हणजे तात्यांची बायको, भडकल्या. "चुलीत घालायला चालतात, मग पट्ट्यांना काय झालं?" तात्यांनी एकही उचलली नाही. पोफळी तोडल्या गेल्या आणि त्यांच्या विऱ्या तशाच जळल्या.

नंतर त्यांनी केळी लावल्या आणि केळींच्या सावलीत पोफळीची रोपं. नाटक पुन्हा सुरू होणार म्हटल्यावर आळीतली मुलं म्हणाली, चिलखत ऑनलाइन मागवू. तेव्हा काकींनी परस्पर गुहागरला भावाला फोन करून पोतंभर विरी मागवली. तात्यांनी टकटक करून ती पसंत केली आणि नवं चिलखत विणलं. फक्त डाव्या काखेखाली एक उभी ओळ रिकामी ठेवली, नुसत्या दोऱ्यांची. "ही माझ्या वाडीची," म्हणाले. ती फट दिसू नये म्हणून त्या उत्सवापासून मी डावा हात अंगाशी घट्ट धरूनच लढाई करू लागलो.

रोपं वाढत होती आणि तात्या खंगत होते. त्यांना दम लागे. ओटीवर खुर्ची टाकून बसत आणि मी दिसलो की विचारत, "कायतरी पडल्यासारखं वाटलं. व्हय रे?" पोफळींनी नुकतं कुठे खोड धरलं होतं, विरी पडायला अजून अवकाश होता. मला ते बघवेना. एका दुपारी गुहागरच्या पोत्यातली उरलेली विरी मी कुंपणावरून त्यांच्या वाडीत टाकली. धप्प झालं. तात्या काठी टेकत आले, वाकले, टकटक केली, वास घेतला. मग कुंपणाकडे न बघताच म्हणाले, "ही गुहागरची. दिनू, सोंग झ्याक केलंस. ष्टेजवर एवढं जमलं असतं तर!" हसता हसता त्यांना ठसका लागला. मी धावत जाऊन पाठ चोळली. त्या पाठीची हाडं हाताला लागली.

श्रावणात तात्या गेले. चिलखत काकींनी खुंटीवर तसंच ठेवलं.

उत्सवाच्या थोडं आधी मी जेवत होतो आणि पलीकडे सर्र… धप्प झालं. सवयीने मी तात्यांच्या चपलांच्या आवाजाची वाट पाहिली. मग ताट सरकवून उठलो. कुंपणाशी काकी आल्या होत्या. हातात विरी होती, तिला माती लागलेली. त्यांनी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केली, वास घेतला आणि ती माझ्याकडे दिली.

"टाकलेली हाय," त्या म्हणाल्या. "आपल्या झाडानं."

मला रडू आवरलं नाही. काकी रडल्या नाहीत. त्यांनी खुंटीवरचं चिलखत आणि दाभण आणून दिलं आणि काखेखालची रिकामी ओळ भरताना सैल राहिली म्हणून मला ती दोनदा उसवायला लावली.

यंदाच्या उत्सवात तात्यांच्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर काकी बसल्या होत्या. लढाईचा प्रवेश आला, तेव्हा त्यांना दिसेल असा मी डावा हात उंच केला.