जिथे सूर्य मावळत नाही तिथला गोरज मुहूर्त

देवीवर माझी श्रद्धा आहे, पण कुठलंही काम तिच्यावर सोपवून स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. लेकीचं लग्न ठरलं तेव्हाही तेच. ती कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एका चिमुकल्या गावात शाळेत शिकवते आणि तिथल्याच मुलाशी तिचं लग्न होतं. हे आता नाहीत, त्यामुळे कन्यादान मलाच करायचं होतं. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू फक्त ये, बाकी आम्ही मॅनेज करू." पण मी टोरांटोजवळच्या ब्रॅम्पटनमधून व्हिडिओवर लग्न लावणाऱ्या गुरुजींकडे गोरज मुहूर्ताचा हट्ट धरला. त्यांनी तिथल्या सूर्यास्ताची वेळ विचारली, तेव्हा मला आठवलं, जुलैत तिथे सूर्य मावळतच नाही. गुरुजी हसून म्हणाले, "ताई, मग ब्रॅम्पटनचाच सूर्यास्त धरू." मला तेही चाललं.

शेवटच्या टप्प्याचं विमान मिनीबसपेक्षा जेमतेम मोठं होतं. त्या भागाला वाळवंट म्हणतात. तिथे उन्हाची काहिली नसते, पण पाऊस आणि बर्फ इतका कमी पडतो की झाड सोडाच, गवतही क्वचित दिसतं. वाटेतल्या वस्तीवर एक म्हातारी चढली आणि माझ्या उजव्या हाताला येऊन बसली. तिला फक्त तिची इनुक्टिटुट भाषा येत होती, त्यामुळे आमचं सगळं हसण्यावर चाललं होतं. मी तिला शंकरपाळे दिले. तिने सुकी मासळी पुढे केली, मी हात जोडले.

गाव जवळ आलं आणि खाली धुक्याशिवाय काही दिसेना. पायलटने सांगितलं, दोनदा प्रयत्न करतो, नाही जमलं तर परत फिरायचं. लग्न त्याच संध्याकाळी होतं, आमच्या विमानाला आधीच उशीर झाला होता आणि पुढचं विमान लग्नानंतरचं होतं. माझे नवस सुरू झाले. खण-नारळाने ओटी भरीन, असं म्हणेपर्यंत विमान खाली गेलं आणि धावपट्टी न दिसल्यामुळे पुन्हा वर आलं. मग मी शुक्रवारचे उपास कबूल केले. शेवटी चहा सोडायचंही कबूल केलं, यावरून माझी अवस्था कळावी. तेवढ्यात त्या म्हातारीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती चक्क झोपी गेली. माझ्या त्याच हातात जपमाळ होती. मणी ओढला असता तर तिची झोप मोडली असती, म्हणून मी जप थांबवला. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मनात म्हटलं, देवी, मला पोचव नाहीतर परत ने, पण पोरीचं लग्न थाटात लागू दे. त्यानंतर मागायला काहीच उरलं नाही आणि भीतीही गेली.

थोड्या वेळाने पंखाखाली तपकिरी जमीन दिसली, पाठोपाठ खडीची धावपट्टी. धुकं एरवीही विरलं असतं, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

माझा मुहूर्त केव्हाच टळला होता. जावई धावत येताना पाहून मी पदर सावरला, पण तो मला ओलांडून थेट म्हातारीच्या गळ्यात पडला. ती त्याची आजी निघाली, त्याला लहानाचं मोठं करणारी. वरपक्षाचा मानपान कसा जमणार म्हणून मी जिवाला घोर लावून घेतला होता, आणि इथे आजेविहीणबाई माझ्या खांद्यावर झोप काढून उतरल्या होत्या. त्या माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलल्या. जावयाने सांगितलं, "आजी म्हणते, ही उशी चांगली आहे, हिला इथेच ठेवून घ्या."

लेक नऊवारीवर जाडजूड पार्का कोट घालून वाऱ्यात उभी होती. मी म्हटलं, "अगं, विमान परत फिरलं असतं तर?"

"तर पुढच्या विमानापर्यंत थांबलो असतो," ती म्हणाली. "आई, तुझ्याशिवाय आम्ही सुरूच करणार नव्हतो."

विमानात मी जे कन्यादान रडत सोडून दिलं होतं, ते इकडे माझ्या पोरीने माझ्यासाठी धरून ठेवलं होतं. देवीचे आभार कसे मानावेत, मला अजून कळत नाही. मी आजही तिच्याकडे मागते, मागायची खोड काही जात नाही. कधी आणि कसं द्यायचं, ते मात्र आता तिला सांगत नाही.