गाईचं छप्पर आणि इंग्रजीचा पेपर

गाईचं छप्पर अंगणाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला न्यायचं, तर मी आधी त्याच्या दोऱ्याच सोडायला बसलो. सगळं सुटं करायचं, पलीकडे नेऊन पुन्हा बांधायचं, असा माझा बेत. साठ साल उजाडायच्या सुमारास बाभुळगावकडच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. छपरातलं कळत काही नव्हतं, आणि मास्तरानं विचारायचं कोणाला?

शेजारचे काका कुंपणापलीकडून पाहत होते. "मास्तर, कायले सोडून राह्यले?"

"पलीकडे न्यायचंय."

"मंग आख्खं नेऊ ना! गाठी मारा पह्यले."

चित्त ठिकाणावर नव्हतं, हेही खरं. मी बाहेरून परीक्षा देत होतो आणि इंग्रजीत दोनदा आपटलो होतो. यंदाही आपटलो तर हायस्कुलात मिळणारी जागा गेलीच. घोडं अडायचं ते शेपटीवाल्या क्रियापदांपाशी. कम टुगेदर म्हणजे एकत्र येणे, लाइन अप म्हणजे रांग धरणे, जॉइन इन म्हणजे सामील होणे, पुट टुगेदर म्हणजे जोडून उभं करणे. एकत्र येण्याचे एवढे शब्द, पण माझ्या डोक्यात एकही दुसऱ्याजवळ थांबेल तर शपथ.

काकांनी गल्लीत हाळी दिली, "छपराले हात लावाले या हो!"

आमच्याकडे या हाळीला कोणी नाही म्हणत नाही. शिंपी कात्री ठेवून आला, जेवणारा हात धुऊन आला, माझ्याशी अबोला धरलेला दुकानदारसुद्धा आला. सगळे खाली शिरले, आडव्या बांबूंना खांदे लागले.

"मास्तर, तुमी बी घुसा!"

घुसलो. बाहेरून काका ओरडले, "उचला रे!" आतून एकच आवाज उठला, "हईशा!"

आणि ते अजस्र छप्पर खांबांवरून उठलं. मानेवर गवताचा भुसा पडत होता. आतल्या अंधारात कोणते पाय कोणाचे ते कळत नव्हतं, पण पाऊल सगळ्यांचं एकदमच पडायचं. माझ्या खांद्यावर तर वजनच नव्हतं! अंगावर काटा आला. इतक्या माणसांनी उचललं की ओझं जातं तरी कुठं? लिंबाखाली बांधलेली गाय रवंथ थांबवून पाहत राहिली. पलीकडे आधीच रोवून ठेवलेल्या नव्या खांबांवर छप्पर अलगद बसलं.

पेपरात गावातल्या एखाद्या प्रसंगावर लिहायचं होतं. मी छप्परच लिहिलं. ते शेपटीवाले शब्द एकेक करून त्या माणसांसारखे आले आणि आपापल्या जागी खांदा देऊन उभे राहिले. शेवटी लिहिलं, सगळे मिळून उचलतात तेव्हा ओझं उरतच नाही.

पास झालो. त्या संध्याकाळी बायकोला सगळा निबंध मराठीत करून ऐकवला. तिनं तव्यावरची भाकर उलटली.

"पास झाले, ब्येस झालं. पन तुमाले वजन कुठून लागन? बाकी सारे तुमच्याहून उंच. छप्पर तुमच्या खांद्याले टेकलंच नव्हतं. मी दारातून पाहून राह्यली होती, तुमी नुसते हात वर करून चालून राह्यले होते."