माळ घातलेला कॉम्प्युटर

कन्नड मुलखातल्या तारिहाळच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात सुकन्या गिऱ्हाइकांना बिलं पाठवायचं काम बघते. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे तिला अक्का म्हणतात. कामाला वाघ बाई, पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की हिची जीभ टाळ्याला चिकटते. यंदा पहिल्यांदाच तिनं दसऱ्याला जोडून रजा मागितली होती. सासूबाईंना, सरूबाईंना, नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं होतं. म्हातारीचे गुडघे गेलेले. पुढच्या वर्षी जमेल न जमेल. मालक महादेवअण्णांनी मान हलवली होती. पण अण्णांच्या मान हलवण्याचा अर्थ हो की नाही, हे आजवर कारखान्यात कुणाला कळलेलं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी तिला मेल आला. 'आपल्या रजेत बदल झाला आहे. पाहण्यासाठी लॉगिन करा.' गाडी त्याच संध्याकाळची. तिनं घाईनं लिंक दाबली. मेलवर नाव कुणाचं, पत्ता कुठला, बघतंय कोण? तिनं पासवर्ड टाकला. पान पांढरंफटक. परत टाकला, परत तेच. नेट गेलं असेल म्हणत ती उठली, कारण बाहेरून पूजेच्या हाका सुरू झाल्या होत्या.

सुकन्या बौद्ध घरातली. ती पूजेला हात लावत नाही आणि त्याचं तिथं कुणाला काही वाटतही नाही. ती बाजूला उभी राहते, नंतर चिरमुरे-पेढे वाटते. यंत्रं थांबली, कॉम्प्युटर बंद झाले, सगळ्यांना कुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. अण्णांच्या आईचा, अव्वांचा, नियम असा की एकदा माळ पडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही बोट लावायचं नाही. तो नियम अण्णांनीसुद्धा कधी मोडलेला नाही.

पेढा उचलताना अण्णा सहज म्हणाले, "नागपूरहून संत्री आण गं अक्का. रजा कालच लिहून दिलीय मी."

सुकन्याच्या हातातलं ताट कललं. रजा मंजूर होती, तर मग सकाळचा तो मेल कुणाचा?

ज्या मेलवरून गिऱ्हाइकांना बिलं जातात, त्याचीच किल्ली तिनं चोराच्या हातात दिली होती. आता कुणी तिच्या नावानं लिहिलं, 'आमचं बँक खातं बदललंय, पैसे इथं भरा', तर गिऱ्हाईक डोळे झाकून भरणार. अक्काचं पत्र म्हटल्यावर शंका कोण घेतंय? आणि अण्णांनी गेल्या वर्षी मीटिंगमध्ये बजावलं होतं, "असल्या लिंकवर जो बोट ठेवेल, त्यानं दुसऱ्या दिवशी यायचं नाही."

आता बघा, काय करावं तिनं? गप्प बसावं तर कारखाना बुडेल. बोलावं तर नोकरी जाईल. त्यात पासवर्ड बदलतो तो फक्त कारखान्यातूनच, म्हणजे तोच माळ घातलेला कॉम्प्युटर उघडायला हवा. पूजेला हात न लावणारी बाई पूजा मोडा म्हणून सांगणार. मेल्या चोरानं मुहूर्त तरी बरा साधला होता.

ती ताट ठेवून सरळ अव्वांपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत, कन्नडमध्ये, एका दमात सांगून टाकलं. मी फसले. माझा पासवर्ड गेला. कॉम्प्युटर आत्ता उघडायला पाहिजे.

अण्णा पेढा हातात धरून भिंतीकडे बघत होते.

अव्वा हळूहळू उठल्या. त्यांनी स्वतः माळ काढून बाजूला ठेवली. "घरात चोर शिरला तर दार उघडायला मुहूर्त बघतात होय? उघड गं."

कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या दीपकनं भराभर पासवर्ड बदलला, बाकी सगळीकडून मेल बंद केला. कुठल्यातरी परक्या मशीनवरून कुणीतरी आत शिरलं होतंच. खातं बदलल्याचं पत्रही लिहून तयार होतं. पाठवलेल्यांत मात्र काही नव्हतं. तरी सुकन्यानं एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून सांगितलं, असलं पत्र आलं तर पैसे भरू नका. शेवटचा फोन ठेवला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मग तिला आठवलं की उद्यापासून यायचं नाही, आणि तिनं पर्स उचलली.

"दीपक," अण्णा खाकरले. "माझापण बदल."

"तुमचा, अण्णा?"

"परवा एक मेल आला होता. बँकेचा म्हणून." अण्णांचे कान लाल झाले होते. "म्हटलं, सांगायचं कुणाला? नियम माझाच."

अव्वांनी माळ परत कॉम्प्युटरला घातली, नीट केली आणि लेकाकडे न बघताच म्हणाल्या, "मग उद्या तू येऊ नकोस."

आधी दीपक हसला, मग सगळेच. सुकन्या हसता हसता रडली, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. तो नियम त्यानंतर कुणी उच्चारला नाही. असलं काही आलं की आता आधी ओरडून सांगतात, मग बाकीचं.

संध्याकाळी गाडी सुटली तशी सरूबाईंनी खिडकीतून नजर काढून विचारलं, "रजेचं नक्की झालं न्हवं?"

"झालंच होतं, आत्या," सुकन्या म्हणाली. "मीच उगीच बघायला गेले."