शालूनं मागं ढकललेले अकरा चेहरे

शालू बार्शीटाकळीची. लग्न होऊन अमरावतीत आली, त्याआधी आठ वर्षं अकोल्यात फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसली. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. एका चौकटीत साठ चेहरे कसे कोंबायचे हे तिच्याकडून शिकावं. आता विद्यापीठाच्या रस्त्यावर तिचं स्वतःचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. पोरांच्या प्रोजेक्टच्या स्लाइड बनवते. कुणाचं ऐकत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

आमच्या भाजीबाजाराची जागा पार्किंगला जाणार होती. मी या भाजीवाल्यांच्या गटाचं काम पाहतो. पद नाही, पगार नाही. महापालिकेच्या साहेबांपुढच्या सुनावणीत आम्हाला दहा मिनिटं मिळाली. बोलणार होते सचिव देवीदासभाऊ. तीस वर्षं मेथी-पालक विकलेला माणूस. चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले, तरी रोज सकाळी भाजीची हातगाडी लावतात.

स्लाइड मीच बनवल्या. पहिलीवर अकरा पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि कोपऱ्यात झेंडू. आपल्याकडे एक चेहरा सुटला की माणूस सहा महिने बोलत नाही. पुढे जागा राहू द्या म्हणून केलेल्या अर्जाचे मोबाइलनं काढलेले फोटो, लाल पट्टीवर हिरवी अक्षरं. शालूकडून थोडं नीट करून घ्यावं म्हणून भाऊंना घेऊन गेलो.

तिनं कॉम्प्युटरचा वाचून दाखवणारा आवाज चालू केला आणि इअरफोन भाऊंच्या कानात घातला.

"काय ऐकू येऊन राहिलं, काका?"

"चित्र. चित्र. चित्र." भाऊ बोटांवर मोजत गेले. "अकरा चित्रं झाली व. बाजाराचं कुठंच नाई आलं."

शालू माझ्याकडे वळली. "हे स्लाइड नाई, फ्लेक्स हाय. काहून बनवला असा?"

"लोकायले समजावं म्हणून."

"बोलणाऱ्यालेच नाई समजलं, तं लोकायले काय समजते?"

माझं डोकं तापलं. "मंग मीच बोलतो. भाऊ बाजूले बसतील."

"गाडी माही, जागा माही, अन् बोलशीन तू?" भाऊ शांतपणे म्हणाले. "बस खाली."

बसलो.

शालूनं अर्ज नव्यानं टाइप केला. एका स्लाइडवर एकच मुद्दा, पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं. प्रत्येक स्लाइडला वेगळं शीर्षक, तेही शीर्षकाच्याच चौकटीत. इकडेतिकडे ठोकलेल्या अक्षरांना मशीन शीर्षक मानत नाही म्हणे. बाजाराच्या नकाशाच्या चित्रामागं तिनं पडद्यावर न दिसणारं, पण मशीन वाचून दाखवेल असं वाक्य लिहिलं: चाळीस गाड्या, शाळेच्या भिंतीला लागून, रस्त्यापासून बारा फूट आत. आता भाऊंना नकाशा ऐकू यायला लागला.

तेवढ्यात गटाच्या अध्यक्ष पार्बताबाईंचा फोन; तो शालूनंच घेतला. कुणीतरी चुगली केली होती.

"माहा फोटो काढला म्हणे?"

"काढला नाई मावशी, सगळे शेवटी नेले. फोटोमागं नावं बी टाकली. काकाले ऐकू येते आता. पहिलं नाव तुमचंच."

"मंग असू दे," मावशी म्हणाल्या.

चार दिवस भाऊ तिच्या दुकानात बसून बटणं शिकले. आम्ही मधे बोललो की ती झेरॉक्सचा गठ्ठा आमच्या हातात द्यायची.

सुनावणीत भाऊ एका कानात इअरफोन घालून उभे राहिले. सातव्या स्लाइडवर साहेबांनी थांबवलं.

"बाजारामुळे रस्ता अडतो अशी तक्रार आहे. मोजमाप कुठंय?"

मी उठलो. भाऊंनी माझा सदरा धरून मला खाली ओढलं. मग शीर्षकांची यादी कानात ऐकत दोन बटणं दाबली. भिंतीवर 'रस्ता ते गाड्या: अंतर' उमटलं.

"हे घ्या साहेब. बारा फूट. खोटं वाटत असंन तं टेप घेऊन चाला, मी बी येतो."

साहेब हसले, पण इंजिनियरला खरंच टेप घेऊन पाठवलं. भाऊही गेले, टेपचं एक टोक धरून. बारा फूट चार इंच भरलं. बाजार आहे तिथंच राहील, पार्किंग शाळेच्या मैदानाच्या पलीकडे जाईल, असं साहेबांनी लिहून दिलं.

भाऊंनी तिथूनच शालूला फोन लावला. "जागा राहिली व."

"चांगलं झालं काका. ठेवतो आता, गिऱ्हाईक हाय."