बिनवासाचं घर

ऐंशीच्या दशकात शिरपूर रस्त्यावरच्या एका दारूच्या कारखान्यात मी व्हिस्कीचं मिश्रण जमवायचो. मळीपासूनचं स्पिरिट आमच्याकडेच निघायचं, माल्ट बाहेरून लाकडी पिंपांत यायचं. कुठल्या पिंपातलं किती घालायचं, हे माझं नाक ठरवायचं. पेल्यात थोडं घ्यायचं, पाणी घालून हुंगायचं, जिभेवर फिरवून थुंकायचं. घोटभरही पोटात जात नसे. तरी धुळ्यात आमच्या गल्लीला मी फुकट पिऊन पगार घेणाराच वाटायचो. सांगून सांगून तोंड दुखलं, मग नाद सोडला.

नाक जपायचं तर घरही जपावं लागे. भरिताच्या मुलखात राहून मी फिकं वरण खाल्लं. हिवाळ्यात कारखान्यातली मंडळी शेतावर भरीत-भाकरीला जमायची. लसणाचं नाव काढताच मी नाक मुरडायचो, म्हणून त्यांनी बोलावणंच बंद केलं. बायकोनं तर लग्न झाल्या झाल्या उदबत्ती, पावडर, वासाचं तेल सगळं बाजूला ठेवलं. मी न सांगताच. लसणाची फोडणी ती मी कामावर गेल्यावर, स्वतःपुरती द्यायची. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दार उघडलं की घराला कसलाच वास नसायचा आणि मला फार बरं वाटायचं.

एका उन्हाळ्यात ती तापानं गेली. दिवसकार्य उरकून सगळे पांगले. मी तिची ट्रंक उघडली आणि एकेक लुगडं नाकाला लावलं. कित्येक वर्षांपूर्वी रिकामं केलेलं पिंपही मला वासावरून आठवायचं. इथे नुसतं धुतलेलं सुती कापड होतं. मी त्या ट्रंकेपाशी बसून रडलो.

पुढे अमळनेरला तिच्या माहेरी गेलो. तिच्या धाकट्या बहिणीनं अंगणातल्या मोगऱ्याकडे बोट दाखवलं.

"अक्का माहेरले ये तवय रोज केसमा गजरा माये, दाजी. बठ्ठा घरमा वास राहे. आजबी फुलं तोडू त अक्काच याद येस. तुमले बी येत व्हई ना?"

मी हो म्हणालो.

परतताना धुळ्याच्या स्टँडबाहेर एक गजरा घेतला. घरी येऊन दार लावलं आणि डोळे मिटून हुंगला. फुलं ताजी होती, वास चोख होता. बराच वेळ हुंगत बसलो. मला कुणाचीच आठवण आली नाही.