गंगव्वाच्या पुतळीतली रोमन राणी

अक्कलकोटहून गोविंदरावांचे पत्र आले आणि संक्रांतीची सुट्टी कुठे घालवायची हा प्रश्न सुटला. गोविंदराव माझे जुने सोबती, आता तिकडे मास्तर आहेत. त्यांनी लिहिले होते, ‘जवळच्या वाडीत एका म्हातारीच्या गळ्यात सोन्याची पुतळी आहे, जुन्या नाण्याची. वरचा चेहरा आपल्याकडचा नाही. तू येऊन पाहा.’

सोलापुरात मी चित्रकला शिकवतो, आणि झिजलेल्या रोमन नाण्यांवरच्या राण्या ओळखण्याचा मला नाद आहे. अशी नाणी आपल्या मुलखात क्वचित सापडतात. बायका ती भोक पाडून गळ्यात घालतात. नाक-डोळे झिजतात, अक्षरे जातात, पण केसांची ठेवण बहुधा उरते. प्रत्येक राणीची तऱ्हा निराळी.

सकाळच्या गाडीने अक्कलकोट रोडला उतरलो. तिथून गाव चांगले सात मैल. टांगेवाला आठ आणे मागतो, सहावर येतो. धूळ फार, जाणाऱ्याने उपरणे तोंडाला बांधावे. गोविंदरावांकडे भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन आम्ही ज्वारीतल्या पायवाटेने वाडीवर गेलो. इकडे माणसे मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात; आईला अव्वा म्हणतात.

गंगव्वा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. सत्तरीची असेल, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने पुतळी काढून माझ्या हातावर ठेवली. चेहरा जवळजवळ सपाट झाला होता.

“म्याच झिजवला,” ती म्हणाली. “पटकीत अव्वा गेली तवा मी सहा वर्सांची. बापानं ही गळ्यात घातली, म्हनला, ही तुजी अव्वा. जलमभर बोट फिरवलं. आता डोळं चाललं. मास्तर, तुमी भिंगातनं बगा आन सांगा, नाक कसं हुतं तिचं?”

मी गोविंदरावांकडे पाहिले. ते शेंगांकडे पाहत होते.

पातळ कागद ठेवून मी मऊ पेन्सिल हलकी घासली. कडेला दोन-तीन रोमन अक्षरे उमटली आणि माथ्यावर, अगदी टाळूवर, वेण्यांचा गुंडाळलेला अंबाडा. शंका उरली नाही. ही थोरली फॉस्टिना. हिच्या मुलीचा, धाकट्या फॉस्टिनाचा, अंबाडा मागे असतो.

“न्हवं ना माजी अव्वा?” मी कागद उचलताच तिनेच विचारले.

“नाही, आजी. रोमची राणी आहे. ही वारली, मग नवऱ्याने तिला देवी मानले आणि स्वतः जगला तोवर नाण्यांवर तिचा चेहरा उठवत राहिला.”

“लई जीव हुता म्हना की,” ती म्हणाली. हातातली शेंग सोलली. मग, “कशी हाय ती, सांगा तरी.”

मी तिचे बोट धरून पुतळीवर फिरवले. “हे सरळ नाक. ही भरलेली हनुवटी. हा डोक्यावर अंबाडा.”

बोट तिथेच थांबले.

“डोक्यावर? न्हाय, न्हाय. अव्वाचा खाली हुता, मानंवर.” तिचा आवाज बदलला. “पाठुंगळी घेऊन रानात न्यायची मला. माजं नाक त्यात जायचं. करडीच्या त्येलाचा वास यायचा... गोविंदमास्तर, आटवलं की मला! हिच्यापायी इतकी वर्सं इसरलेच हुते.”

ती हसत होती आणि डोळे पुसत होती. पुतळी तिने पुन्हा गळ्यात घातली. निघताना विचारले, “तुमच्या घरी कोन हाय?”

“कोणी नाही. गेल्या वर्षी मंडळी वारली.”

“मग तुमीबी आटवत ऱ्हावा,” ती म्हणाली, आणि ओंजळभर सोललेले दाणे माझ्या उपरण्यात बांधले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोलापूरला पोचलो. कागदावरचा ठसा वहीत चिकटवला, खाली नाव लिहिले. मग तीच पेन्सिल घेऊन कोऱ्या पानावर पत्नीचे चित्र काढायला बसलो. कपाळ, डोळे, हनुवटी जमली; समोरून काढलेला तिचा एक फोटो घरात आहे. पण अंबाडा ती कुठे बांधायची, उंच की मानेवर, ते काही केल्या आठवेना. पंधरा वर्षे आम्ही बरोबर बाजारात गेलो, देवळात गेलो. मी पुढे चालायचो, आणि ती मागे.